रंगूनवाली बा

बा म्हणायची, "मी तीनदा मुलूख बदलला. दोनदा घरात बसून आणि एकदा चालून."

घरात बसून म्हणजे कसं, तर १ एप्रिल १९३७ला ब्रह्मदेश कायद्याने हिंदुस्थानापासून वेगळा झाला, तेव्हा बा रंगूनमधल्या आपल्या स्वयंपाकघरात होती आणि चुलीपुढे बसल्या बसल्या परदेशी झाली. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा ती निपाणीत गच्चीवर पापड वाळत घालत होती. गावात हरताळ पडला होता. तिने घरातल्यांना एवढंच विचारलं म्हणे, "चालायचं तर नाही ना?" मधला बदल १९४२चा. तो तिने पायी केला.

बा म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. आम्ही काठेवाडातले गुजराती जैन. निपाणीत आमची चौथी पिढी वाढते आहे, आणि घरात भांडण निघालं तर ते मराठीतच होतं. गावात तिला कुणी नावाने ओळखत नसे. रंगूनवाली काकी म्हटलं की तंबाखूच्या वखारीतली हमालसुद्धा घर दाखवत. ही रंगूनवाली रंगूनला गेली कशी आणि तिथून आली कशी, हे तिने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, बहुतेक वेळा धान्य निवडताना. मी ते १९८४ ते १९८७ या काळात एका वहीत उतरवून ठेवलं. तारखा तिला सांगता येत नसत, तिथी सांगता येत. त्या तिथी मी पुढे पुस्तकांतल्या तारखांशी जुळवून पाहिल्या. नवल म्हणजे जवळजवळ सगळ्या जुळल्या.

आपल्या मराठी वाचकाच्या मनात ब्रह्मदेश म्हणजे एक तुरुंग आणि एक राजवाडा. मंडालेचा तुरुंग, कारण तिथे १९०८ ते १९१४ टिळक होते आणि गीतारहस्य तिथे लिहिलं गेलं; आणि रत्नागिरीचा राजवाडा, कारण इंग्रजांनी तिकडचा राजा थिबा इकडे आणून ठेवला. ज्या लाखो लोकांनी तिथे तांदळाची पोती उचलली, रस्ते झाडले, रिक्षा ओढल्या, दुकानं मांडली, ते आपल्या वाचनात कुठे येत नाहीत. १९३१च्या शिरगणतीत ब्रह्मदेशात दहा लाखांवर हिंदी माणसं होती. रंगून शहराची वस्ती चार लाख, आणि त्यातले निम्म्याहून जास्त हिंदी. तेलुगू आणि ओरिया मजूर, तमिळ चेट्टियार सावकार, बंगाली कारकून, चितगावचे खलाशी, पंजाबी शिपाई आणि आपले गुजराती-मारवाडी व्यापारी. गांधीजींचे जुने स्नेही डॉक्टर प्राणजीवन मेहता रंगूनचेच. मोरबीचे जैन, डॉक्टर, बॅरिस्टर, आणि धंदा मात्र जवाहिराचा. रंगूनमध्ये जैन देरासर होतं, आजही आहे.

बा १९३४ साली लग्न होऊन गेली, सोळा वर्षांची. कलकत्त्याहून आगबोट, डेकवरचा प्रवास, आणि पाणी सोबत घरचं, उकळून गाळलेलं. आजोबा एका कापडाच्या पेढीवर मुनीम होते. पुढे त्यांनी स्वतःचं छोटं दुकान काढलं. तिला तिथे सगळ्यात कशाचं नवल वाटलं असेल, तर बर्मी बायकांचं. बाजार त्याच चालवायच्या. गल्ल्यावर बाई, भाव करणारी बाई, तोंडात हा एवढा चिरूट आणि गालांना चंदनासारखा थानाकाचा लेप. "आम्ही घुंगट सावरत मागे उभ्या, आणि त्या आमच्याच नवऱ्यांशी घासाघीस करायच्या," ती सांगायची आणि हसायची. तीस वर्षांनी निपाणीत वखारीतल्या बायका तंबाखूच्या धुळीत खोकताना पाहून ती म्हणाली होती, "तिथल्या बायका तंबाखू ओढायच्या, इथल्या नुसत्या गिळतात."

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरांत सांगितली जात नाही, तीही इथे सांगते. १९३० साली आणि पुन्हा १९३८ साली रंगूनमध्ये हिंदी लोकांविरुद्ध दंगे झाले. आपल्याकडे तो विषय "ते लोक जळायचे आपल्यावर" एवढ्यावर संपतो. पण मंदीच्या वर्षांत खालच्या ब्रह्मदेशातल्या भातपिकाच्या मुख्य जिल्ह्यांतली चौथाईभर जमीन सावकारांच्या, मुख्यतः चेट्टियारांच्या ताब्यात गेली होती. स्वतःच्या शेतात कूळ झालेला माणूस जळणार नाही तर काय करेल? आमचे आजोबा सावकार नव्हते, पण उधारी त्यांचीही होती. १९३८च्या दंग्यात चार दिवस बा दाराला पेटी लावून आत बसली होती. मागच्या खिडकीतून दूध आणून दिलं ते बर्मी शेजारणीने. तिच्या नवऱ्याचंही आजोबांकडे देणं होतं. बा हे दोन्ही एका दमात सांगायची.

२३ डिसेंबर १९४१ला जपानी विमानं रंगूनवर आली. लोक रस्त्यावर उभे राहून वर बघत होते, कारण विमानं इतकी खाली आणि इतकी चकाकणारी कुणी पाहिलीच नव्हती. त्या एका दिवसात सुमारे दोन हजार माणसं मेली. पंचवीस तारखेला विमानं पुन्हा आली. गोदीतले मजूर उठून चालायला लागले, आणि गोदी थांबली तशी बंदरातली बोटही थांबली. सरकारने आधी त्यांना समजावून परत आणलं आणि मग कामाच्या वयाच्या हिंदी पुरुषांनी डेकवरून जाऊ नये असा निर्बंध घातला. शहर चालू राहायला हमाल हवे होते. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बायकामुलांना बोटीने पाठवलं. आमच्या घरी तिकिटाचे पैसे जमेपर्यंत तिकीट दुप्पट झालेलं असायचं. शिवाय बा एकटी जायला तयार नव्हती. मुलगा पाच वर्षांचा, म्हणजे माझे वडील, आणि मुलगी दीड वर्षाची.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात शहर रिकामं करायचा हुकूम निघाला. तुरुंग उघडून दिले, वेड्यांचं इस्पितळ उघडून दिलं. बा म्हणायची की रस्त्यात भेटणाऱ्यातला कोण कैदी, कोण वेडा आणि कोण आपल्यासारखा घाबरलेला, हे ओळखू येत नव्हतं. ८ मार्चला रंगून पडलं. त्याआधी दोन आठवडे हे लोक मंडालेच्या गाडीत चढले होते. घरातून निघताना बाने काय घेतलं, त्याची यादी माझ्या वहीत आहे: दोन तांब्याचे लोटे, पाणी गाळायचं फडकं, स्थापनेची पोथी, मेथीचे खाकरे, मिठाची पुरचुंडी, मुलीचं झबलं आणि गोधडीत शिवलेल्या सहा बांगड्या. आजोबांनी दुकानाच्या चोपड्या घेतल्या, तीन. त्या मंडालेपर्यंत आल्या.

मंडालेला गावाबाहेर छावण्या होत्या. हजारो माणसं, एक-दोन तळी, आणि मार्चमधलं ऊन. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे पाणी गाळून, उकळून प्यायचं ही गोष्ट लहानपणापासून हाताला असते. त्यामागे जीवदया असते. रोगजंतूंचा विचार त्यात नसतो. बाने ते फडकं शेवटपर्यंत सोडलं नाही. पण उकळायला लाकूड लागतं. छावणीत काडी मिळत नव्हती. लोकांनी बाकं जाळली, बैलगाड्यांची चाकं जाळली. मग नुसतं गाळलेलं पाणी. पटकीचं नाव बाने त्यापूर्वी ऐकलेलं होतं, पाहिलेली नव्हती. मुलगी सकाळी आजारी पडली आणि रात्री गेली. तिथे एक गाडी फिरायची. त्या गाडीत तिला ठेवली.

याच्यापुढे बा मुलीबद्दल काही बोलायची नाही. नाव मला वडिलांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

३ एप्रिलला मंडालेवर बाँब पडले आणि लाकडी शहर दिवसरात्र जळत राहिलं. आजोबांच्या चोपड्या त्यात गेल्या. दोन दिवसांनी ते तिघे मोन्यवाच्या गाडीत होते. मोन्यवाहून चिंदविन नदीने वर कलेवापर्यंत होडी, आणि कलेवाहून तामूपर्यंत काबॉ खोऱ्यातून पायी, दीडशे किलोमीटरच्या आसपास. तामू म्हणजे सरहद्द. तिथून डोंगर चढून पालेल, मग इंफाळ, मग डिमापूर. तिथली आगगाडी पकडली की माणूस सुटला. ब्रह्मदेशातून पायी निघालेल्यांच्या मुख्य वाटा तीन-चार होत्या. काही जण प्रोमवरून आराकानच्या घाटाने चितगावकडे गेले, काही अगदी उत्तरेला हुकॉंग खोऱ्यातून लेडोकडे. ती उत्तरेची वाट सगळ्यात वाईट, आणि पावसाळा सुरू झाल्यावर तर तिच्यात शिरलेले पुष्कळ जण वाटेतच गेले. सगळ्या वाटांनी मिळून चार लाखांहून जास्त माणसं हिंदुस्थानात पोचली. वाटेत मेली त्यांचे आकडे दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर दिले जातात. आकड्यांमधली एवढी दरी कशाने पडते, तर मेलेल्यांची नोंद करणारं कुणी नव्हतं. ह्यू टिंकर या इतिहासकाराने १९७५ साली या पायपिटीवर लेख लिहिला, त्याच्या मथळ्यातच 'विसरलेली' हा शब्द आहे. वाटेवरच्या आठवणींची पुस्तकं आहेत, पण बहुतेक साहेबांची आणि मडमांची.

साहेबांची वाट आणि काळ्या लोकांची वाट वेगळी ठेवली, ही तक्रार तेव्हाच झाली होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशातल्या हिंदी लोकांचं खातं तेव्हा आपल्या यवतमाळच्या बापूजी अण्यांकडे होतं. टिळकांचे अनुयायी. ते पंडित हृदयनाथ कुंझरूंना बरोबर घेऊन आसामात छावण्या बघायला गेले, आणि भेदभावाची गोष्ट त्यांच्या त्या दौऱ्यातून वर आली. गांधीजींनीही त्यावर लिहिलं. छोडो भारतच्या आधीच्या त्या उन्हाळ्यात हिंदी माणसाचं मन इंग्रजावरून पुरतं उडालं, त्याला ब्रह्मदेशातून आलेली ही चिखलाने भरलेली माणसंही कारण झाली. बाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच, की एका ठिकाणी फाटा होता आणि त्यांना दुसरीकडे वळवलं.

आता सहा बांगड्यांचा हिशेब. एक गेली मंडालेच्या स्टेशनात गाडीत चढवून देणाऱ्याला. दोन मोन्यवाच्या होडीवाल्याला. चौथी कलेवाला बैलगाडीसाठी. गाडीवाला दोन दिवस चालला आणि तिसऱ्या पहाटे बैल घेऊन नाहीसा झाला. "त्याचं काय चुकलं?" बा म्हणायची, "त्याचंही गाव पाठीमागे होतं." पाचवीची गोष्ट पुढे येते. सहावी मोडून १९४३ साली निपाणीत भाड्याची खोली घेतली.

काबॉ खोरं मलेरियाचं माहेरघर. वाटेच्या दोन्ही बाजूंना लोक बसलेले असायचे, आणि त्यातलं कोण विसाव्याला बसलंय नि कोण उठणार नाही, हे जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही. आजोबांना ताप भरला. खाकरे कधीच संपले होते. तांदूळ होता तो ओंजळभर, रोज मुलाला पेज. आता नीट वाचा, कारण आपल्या समाजात या जागी येऊन लोक गोष्ट बदलतात. बाचा चौविहार होता, म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्नपाणी काही नाही. कंदमुळाचा त्याग जन्मापासून. चौविहार तिने कलेवापर्यंत पाळला. पण वाटेवर उन्हातान्हात चालता येत नसे, लोक पहाटे आणि संध्याकाळनंतर चालत, आणि शिजवायला थांबायचे ते काळोख पडल्यावरच, कारण दिवसा धूर दिसला तर विमानाची भीती. दिवसा पेज नाही आणि रात्री खायचं नाही, असे तीन दिवस गेले. मग मुलानेही पेज घेणं थांबवलं, नुसता झोपायला लागला.

त्या संध्याकाळी पश्चिमेला बारीक कोर होती. बाने तिथी मोजली. वैशाख शुद्ध तृतीया, अखात्रीज. एप्रिलचा तिसरा आठवडा.

अखात्रीज आपल्याकडे काय आहे हे वाचणाऱ्या बायांना सांगायला नको. वर्षीतपाचं पारणं त्या दिवशी होतं. ऋषभदेव भगवान दीक्षेनंतर वर्षभर अन्नावाचून हिंडले. लोकांना त्यांना द्यायचं तर होतं, पण साधूला काय द्यावं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी हत्ती घेऊन पुढे आलं, कुणी सोनं, कुणी कन्या. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने उसाचा रस ओंजळीत घातला. ही कथा बाने दरवर्षी ऐकलेली.

शेजारी एक तेलुगू बाई बसली होती. रंगूनमध्ये अशा लोकांना कोरंगी म्हणत, आणि ते प्रेमाने म्हणत नसत. नवरा गोदीत हमाल होता, वाटेत गेला. तिने गावकऱ्यांकडून की जंगलातून कुठूनसा कंद आणला होता, सुरणासारखा, आणि तो ती डबड्यात उकडत होती. बाने गोधडीची शिवण दाताने उसवली आणि पाचवी बांगडी पुढे केली. त्या बाईने बांगडीकडे पाहिलं आणि हिंदुस्थानीत म्हणाली, "ये खाएगा कौन?" मग कंदाचे दोन मोठे तुकडे पानावर ठेवले. मीठ मात्र बाकडे होतं. मिठाची पुरचुंडी रंगूनपासून तशीच होती. मीठ दोघींनी वाटून घेतलं.

रात्र पडली होती. कंद होता. बाने आधी मुलाला भरवला आणि मग स्वतः खाल्ला. आजोबांनी तोंड फिरवलं होतं, त्यांनाही खायला लावला. "देवाला लोकांनी सोनं दिलं तर त्याचं काय चूक झालं ते मला त्या दिवशी कळलं," बा म्हणायची. "सोनं माझ्याकडे होतं. खायला तिच्याकडे होतं."

त्या रात्रीनंतर पुढे डिमापूरपर्यंत तिने मिळेल तेव्हा, मिळेल ते खाल्लं, मांस सोडून. तामूच्या पुढे चहामळेवाल्यांच्या संघटनेने छावण्या घातल्या होत्या. मळ्यातले मजूर आणून रस्ते केले, खिचडी आणि गोड चहा यांची सोय केली. त्या खिचडीत कांदा असायचा. बा सांगायची की पहिल्या घासाला कांद्याचा वास आला आणि तिला उलटी होईल असं वाटलं. झाली नाही. तेलुगू बाई पालेलपर्यंत बरोबर होती. पाचवी बांगडी बाने तिच्या पदराला गाठ मारून बांधून टाकली, झोपेत. इंफाळच्या छावणीत माणसांच्या रांगा वेगवेगळ्या केल्या तेव्हा दोघींची चुकामूक झाली, ती कायमची. बाला तिचं नाव माहीत नव्हतं. पंधरा दिवस बरोबर चाललेल्या बाईचं नाव माहीत नाही, हे मला फार विचित्र वाटायचं. बाला वाटत नसे. "मी तिला बेन म्हणायचे, ती मला अम्मा म्हणायची. आणखी काय पाहिजे?"

१० मेला इंफाळवर जपानी बाँब पडले. त्या दिवशी हे तिघे डिमापूरच्या फलाटावर बसले होते. स्टेशनचं नाव तेव्हा मणिपूर रोड. पुढे पांडूला ब्रह्मपुत्रा बोटीने ओलांडली, तेव्हा पूल नव्हताच, आणि सियालदहला उतरल्यावर मारवाडी रिलीफ सोसायटीच्या स्वयंसेवकांनी पुरी आणि बटाट्याची भाजी हातात ठेवली. बाने पुरी खाल्ली आणि भाजी मुलाला दिली. म्हणजे तिथून तिचे नियम हळूहळू परत यायला लागले होते.

काठेवाडात सासरी पोचल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर उपाश्रयात जाऊन साध्वीजींसमोर आलोचना घेतली. घरातल्या मोठ्या बायांनी आधी बजावलं होतं, की एवढं सगळं सांगायची काय गरज आहे, संकटात झालं ते झालं. पच्चक्खाणाला आगार असतातच, हे खरंय. नियम घेतानाच त्यात अडचणीच्या वाटा ठेवलेल्या असतात. पण बाला आडून सुटायचं नव्हतं. किती रात्री खाल्लं, काय खाल्लं, सगळं तिने बोटांवर मोजून सांगितलं. साध्वीजींनी ऐकून घेतलं आणि काही आयंबिलं सांगितली, फार नाहीत. मग विचारलं, "मुलगा कसा आहे?" बाने म्हटलं, बरा आहे. "मग आयंबिलं सावकाश करा, आधी अंगात ताकद येऊ द्या." त्या साध्वीजींबद्दल बाला आयुष्यभर जो आदर होता, तसा मी तिला दुसऱ्या कुणाबद्दल पाहिला नाही.

निपाणीत ही मंडळी आली ती आजोबांच्या एका नातलगाच्या तंबाखूच्या वखारीत मुनीम म्हणून. लढाईचीच वर्षं. रॉकेल नाही, कापड नाही, धान्य मापटंभर. रंगूनमध्ये कापडाचं दुकान असलेल्या बाईने दोन लुगडी तीन वर्षं नेसली. शेजारी दिगंबर जैन शेतकऱ्यांची घरं होती. त्यांच्या बायकांनी तिला मराठी शिकवलं, आणि जोंधळ्याची भाकरी थापायला शिकवली. श्वेतांबर-दिगंबर हा वाद पुरुषांचा. बायकांचं मीठमिरची देणंघेणं चालू होतं. तिच्या मराठीत शेवटपर्यंत 'गे' होता आणि चिडली की गुजराती.

लढाई संपल्यावर आजोबांनी ब्रह्मदेशातल्या नुकसानीचा अर्ज केला. त्याची नक्कल आमच्याकडे आहे. टाइप केलेली, तीन पानी. कापडाचे गठ्ठे, लाकडी कपाटं, एक शिवणयंत्र, येणं बाकी, सगळं रुपये-आणे-पैशांत. बायकोच्या खात्यात 'दागिने, अंदाजे' एवढंच. हाती काय आलं ते विचारू नका. मी बाला एकदा तो अर्ज वाचून दाखवला. ती सगळं ऐकून म्हणाली, "कपाटं दोन होती. तीन लिहिलीत." आणखी काही बोलली नाही. मला मात्र तो कागद पुन्हापुन्हा वाचताना वाटतं, की लढायांचा इतिहास असाच कागदांवरून लिहिला जातो. आराकानच्या आणि काबॉच्या वाटेवर बायकांनी काय शिजवलं, काय टाकून दिलं, कुणाकडून काय घेतलं, याचा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता. आणि जिथे रकाना नव्हता तिथे आपण पुढे सोयीचं लिहितो.

तसं झालंही. बा गेल्यानंतर काही वर्षांनी समाजाच्या एका स्मरणिकेत जुन्या तपस्वी स्त्रियांच्या पानावर तिच्यावर नऊ ओळी छापून आल्या. ब्रह्मदेशच्या घनघोर अरण्यातही तिने चौविहार मोडला नाही, कंदमुळाला स्पर्श केला नाही, नवकाराच्या बळावर ती पार झाली, वगैरे. नवकार ती म्हणत होती हे खरं आहे. बाकीचं मी वर लिहिलंय. मी छापणाऱ्यांना वहीतली पानं दाखवली. ते सज्जनपणे म्हणाले, "ताई, खरं असेल, पण तरुण मुलींपुढे काय आदर्श ठेवायचा?" मला विचाराल तर मुलींपुढे ठेवण्याजोगं त्या नऊ ओळींत काहीच नाही. जिने काहीच खाल्लं नाही आणि जिचं काहीच गेलं नाही अशी बाई कुणाच्या उपयोगाची? शिवाय त्या ओळींत ती तेलुगू बाई कुठेच नाही, आणि तिच्याशिवाय मी नाही, माझे वडील नाहीत, स्मरणिकेला देणगी देणारे माझे दोन्ही काकाही नाहीत.

ती कोण होती हे शोधायचा प्रयत्न करण्यासारखंसुद्धा काही हाती नाही. नाव नाही, गाव नाही. बा दर अखात्रीजेला वखारीतल्या बायकांसाठी गुऱ्हाळातून उसाचा रस आणवायची, घागरभर, आणि स्वतः हाताने वाटायची. का, ते त्या बायकांना कधी सांगितलं नाही. वखारीचा मालक म्हणायचा, रंगूनवाल्या काकींना पुण्याची फार हौस.

बा १९९३ साली गेली, पंचाहत्तरीत. संथारा वगैरे काही नाही; दुपारी जेवली, पाणी गाळून ठेवलं आणि पडली ती उठली नाही. माझे वडील आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. कंदमूळ त्यांनी त्यानंतर आयुष्यात खाल्लेलं नाही. लसणाचा वास आला तरी उठून जातात. त्यांना त्या वाटेतलं काय आठवतं असं मी दरवेळी विचारते. विमानं आठवत नाहीत, होडी आठवत नाही, बहिणीचा चेहराही आठवत नाही, आणि हे सांगताना ते दुसरीकडे बघतात. कंद मात्र आठवतो.

"गरम होता," ते म्हणतात, "आणि वर मीठ होतं."